गाळलेली ओळ

१७ ऑक्टो., गुरुवार
शनि-रवीचा अंदाज आज अडीचला आला, म्हणजे उशिराच. पूर्वेकडच्या तालुक्यांना तुरळक हलक्या सरी. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी या घाटाकडच्या भागाला मध्यम ते जोरदार, विजांसह. त्याखाली एक ओळ : भातकापणी दोन दिवस थांबवावी.

ते सगळं सोप्या मराठीत करून शेतकऱ्यांच्या मोबाइलवर पाठवायचं, हे माझं काम. चार वर्षं तेच. आज मेसेज लांबला, त्याचे दोन तुकडे पडायला लागले. दुसरा तुकडा पुष्कळांना पोचत नाही. सर दारातूनच म्हणाले, "एकात बसव मंजुळा. द्राक्षवाल्यांचे फोन सुरू झालेत, छाटणीचे दिवस आहेत."

घाटाची ओळ काढली. मग बसला. "शनिवार-रविवार तुरळक ठिकाणी हलक्या सरी. काढणीची कामे करण्यास हरकत नाही." ३.१० ला गेला.

घाटासाठी वेगळा मेसेज करायचा ठरवलं होतं. मग महिन्याचा अहवाल आला हातात. साडेपाचला निघाले. पेठ नाक्यावर भाजी घेताना आठवलं. उद्या सकाळी करू.

१८ ऑक्टो., शुक्र.
सकाळी ऑफिसला न जाता परस्पर प्रशिक्षणाला. दिवसभर हॉलमध्ये. मेसेज राहिला.

संध्याकाळी बाचा फोन. त्याला रेंजसाठी टेकडीवर चढावं लागतं, त्यामुळे धापा टाकतच बोलतो.
"तुझा मेसेज आला. काशिनाथनं वाचला सगळ्यांना. उद्या कापाया लागू ना?"
म्हटलं, "लागा की. हलक्याच सरी आहेत, त्याही तुरळक."
"मग अख्खा पाडाच लागंल. तुझ्या नावावर थांबलेत सगळे."
आई बरी आहे. म्हशीचं दूध कमी झालंय.

१९ ऑक्टो., शनि.
सकाळी लख्ख ऊन. चादरी धुतल्या. चारला त्या काढायला गच्चीवर गेले. पश्चिमेकडे पाहिलं तर पेठच्या अंगाला आभाळ काळंनिळं, पार खालपर्यंत.

तिथं उभ्याउभ्या आठवलं.

काल बाशी बोलताना एकदाही आठवलं नाही. मी जे लिहिलं तेच मला अंदाज वाटत होतं. मूळ पत्रक डोक्यातून गेलं होतं.

बाचा फोन लागेना. काशिनाथदादाचा बंद. (दादा वीज चमकली की फोन बंद करून ठेवतो.) शाळेतल्या मास्तरांना लावला. ते सुट्टीला धुळ्याला. "काही तातडीचं?" नाही म्हटलं.

नाशिकला चार थेंब पडले. चादरीसुद्धा भिजल्या नाहीत.

२० ऑक्टो., रवि.
पहिली एस्टी. सावळघाटात दरड आली होती, तास-दीड तास खोळंबा. पेठहून जीप अर्ध्यापर्यंतच. ओढ्यावरून पाणी होतं, उतरेपर्यंत थांबले. मग चालत.

लांबूनच दिसलं. कापून आडवं टाकलेलं भात खाचरात पाण्यावर तरंगतंय. कुणाचं कुठलं ते कळत नाही, बांधावरून वाहून एकमेकांत गेलंय. बा, दादा, वहिनी, सगळे गुडघाभर चिखलात. भिजलेली भाताची मूठ उचलायची, पिळायची, बांधावर टाकायची. पाऊस चालूच.

मी सलवार खोचून उतरले. कुणी काही विचारलं नाही. बा एवढंच म्हणाला, "कशाला आलीस पावसाची."

आमच्या शेजारी सीतामावशीचं खाचर. नवरा गेल्यापासून एकटीच करते. साठीच्या पुढची असेल. तिचं भात अजून थोडं हिरवं होतं, आठवडाभर उभं ठेवणार होती. बानं सांगितलं म्हणून सगळ्यांबरोबर कापलं. ती पाण्यात उभी राहून नुसती बघत होती. मी तिच्या मुठी उचलायला गेले तर म्हणाली, "राहू दे बाय. तुमचं आवरा आधी."

दुपारी आमच्या ओट्यावर चारपाच जण चहाला टेकले. कुणीतरी म्हणालं, "मेसेजात तर हलकाच होता."
बा म्हणाला, "वरचं यंत्र चुकलं. पोरगी काय करंल त्याला. तिला आलं तसं तिनं लिवलं."

मी कप विसळायला आत गेले.

शेवटच्या जीपनं परत.

२१ ऑक्टो., सोम.
सरांना सांगितलं. त्यांनी फाईल काढली, गुरुवारचं पत्रक बघितलं. "आपल्याकडे बरोबर आलंय. जोरदार लिहिलंय घाटाला. कुणी विचारलं तर हे दाखवायचं."
म्हटलं, "पण सर, पाठवलं नाही आपण."
"पत्रक लावतो ना आपण बोर्डावर." मग फाईल मिटून, "तू तिकडचीच ना? घरी फोन नाही केलास?"

सर वाईट नाहीत. त्यांनी खरंच विचारलं.

पाठवायची यादी उघडून बसले. निफाड, दिंडोरी, चांदवड, पानंच्या पानं. आमच्याकडचे नंबर शेवटी, अर्धं पान. नोकरीला लागले तेव्हा त्यातले बरेचसे मीच घातलेले. दर सुट्टीत घरोघर फिरून. सीतामावशीकडे मोबाइल नाही, तर "माझं नाव तरी लिव" म्हणाली होती. बाच्या नंबरापुढे तिचं नाव लिहिलंय.

डबा उघडला नाही.

२३ ऑक्टो., बुध.
दादाचा फोन. भाताला कोंब आले. बांधावर टाकलेल्यालाही आणि ओट्यावर पसरलेल्यालाही. नागली वर उताराच्या वरकस जमिनीत आहे, ती थोडी हाती लागेल. ती किती दिवस पुरणार.

पाड्यातली मंडळी कामाला निघणार आहेत, द्राक्षबागांत, दिंडोरीकडे. एरवी दिवाळी करून, घरचा नवा तांदूळ खाऊन जातात. यंदा दिवाळीच्या आधीच. मुकादम येऊन नावं घेऊन गेला. दादा-वहिनीही जाणार. पोरं आईकडे राहतील.

"बा कसा आहे?"
"बोलत नाय जास्त. ओट्यावर कोणी येत नाय आता बसायला. तसं कोणी काय म्हणलं नाय त्याला. पण येत नाय."

ज्या बागांसाठी ओळ काढली त्याच बागांत ही माणसं डिपिंगला, घड औषधात बुडवायला, उभी राहणार. हे दादाला सांगता आलं नाही. "जपून जा" म्हटलं.

२४ ऑक्टो., गुरु.
नवा अंदाज. सगळीकडे कोरडं. मी घाटाची ओळ सगळ्यात आधी लिहिली : पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी, हवामान कोरडे. मेसेजचे दोन तुकडे झाले. होऊ दिले.

सरांनी वाचलं. "तिकडे आता काय राहिलंय कापायला?" चिडून नाही म्हणाले. मग स्वतःच वरमले, चहा मागवला.

कोरडे हा शब्द खूप वेळ बघत बसले होते.

२६ ऑक्टो., शनि.
घरी आले. ठरवून.

आई पोरांना घेऊन नदीवर गेली होती. बा ओट्यावर दोरी वळत होता. मी समोर बसले आणि सांगून टाकलं. पाऊस पडणार हे आधीच आलं होतं, कापू नका असंही आलं होतं, मेसेजात मावेना म्हणून मी ते काढलं, आणि दुसऱ्या दिवशी तू विचारलंस तेव्हा मला आठवलं नाही.

दोरी वळायचा थांबला नाही. म्हणाला, "केवढी होती ती ओळ?"
मोबाइलमध्ये पत्रकाचा फोटो होता. दाखवला. त्याला वाचता येत नाही.
"वाच."
वाचली.
"परत वाच."
परत वाचली. "भातकापणी दोन दिवस थांबवावी."
"एवढीच?"
"एवढीच."

मग उठला. दोरी खुंटीला लावली, म्हशीला पाणी दाखवलं. मी तिथंच. परत येताना उभ्याउभ्याच म्हणाला, "मी सगळ्यांना यंत्र चुकलं सांगितलंय. मोठ्यानं सांगितलंय."
"मी सांगते सगळ्यांना."
"सगळ्यांना मग. आधी सीताला सांग. तिचं हिरवं होतं. ती नाय म्हणत होती, मी गळ घातली तिला. मी नाय सांगणार. तू सांग."

जेवताना नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं. आईला काही कळलं नाही. बाला म्हणाली, "पोरगी आलीय तर बोल की जरा."

२७ ऑक्टो., रवि.
सकाळी सातला सीतामावशीकडे गेले. दाराला कडी. शेजारणीनं सांगितलं, मुकादमाचा टेम्पो आलाय, ती बी चाललीय. या वयात? म्हटलं, तिला बागेत कोण घेतं? "वय नाय बघत तो, बाकीच्या बायांच्या जोडीला चालतंय म्हणाला."

नवरा गेल्यापासून ती कधी कामाला बाहेर गेली नव्हती. भात, चार कोंबड्या, परसातली भाजी, तेवढ्यात तिचं भागायचं.

शाळेजवळ टेम्पो उभा. दादा-वहिनी आधीच चढलेले. सीतामावशी मागच्या फळीला टेकून बसली होती, मांडीवर गाठोडं आणि तवा. मला बघून हसली.
"दिवाळीला आलीस का मंजू?"
"मावशी, तुमच्याशी बोलायचं होतं."
"बोल की."

आजूबाजूला पंधरावीस माणसं. सगळी ओळखीची, सगळ्यांचं भात त्याच पाण्यात गेलेलं. सगळे ऐकायला थांबल्यासारखे. खरं तर कुणी थांबलेलं नव्हतं. कुणी पोराला पाणी पाजत होतं, कुणी पिशवी बांधत होतं.

मी तोंड उघडलं. "त्या दिवशीचा मेसेज," एवढं म्हणाले.
मावशीनं माझा हात धरला. "तू नको वाईट वाटून घेऊ. बा म्हणत होता, तू जेवत नाय धड. अगं, तुझ्या हातात हाय का पाऊस?" मग जरा वाकून, हळू आवाजात, "पुढच्या साली रोपं टाकायच्या येळेला मला आठवणीनं कळव. बाच्या फोनावर. तू सांगशील तवाच टाकीन."

ड्रायव्हरनं गाडी चालू केली. दादानं हात केला. मी टेम्पोबरोबर चार पावलं चालले, मग तो उताराला लागला.

ओट्यावर बा बसला होता. मी पायरीशी येईपर्यंत माझ्याकडे बघत होता.
"सांगितलं?"
"नाही."
त्यानं सरकून जागा केली नाही, जा पण म्हणाला नाही. मी खाली पायरीवर बसले. एस्टी दोनला आहे.