वीस एमबीची लाज

शेणवा, गुरुवार

तीर्थरूप धाऊभावजींस,

चांगोचा दंडवत. कंबर कशी आहे? बारकीताई औषध वेळेवर देत असेलच (लहानपणी मला एरंडेल तिनेच पाजलंय). आम्ही तब्येतीने बरे आहोत. बाकी बरं नाही, म्हणून पत्र. फोनच करणार होतो, पण तुम्ही फोनवर गप्प राहिलात की मला घाम फुटतो.

दिपिकाला तुम्ही शिकायला माझ्याकडे ठेवलंत. तिच्या घरांच्या नकाशांसाठी कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं तेव्हा म्हणालात, "चांगो बघंल सगळं." ते मी फारच मनावर घेतलं. दातांच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. प्रोसेसरमध्ये कॅश नावाची जागा असते, सारखी लागणारी माहिती तो तिथे हाताशी ठेवतो, ती मोठी असली की काम चटचट होतं, असं त्यात होतं. (मी आधी रोकडच समजलो होतो. ताईला सांगू नका.) बारा मिनिटांतली नऊ मिनिटं झाली आणि माझा नंबर लागला.

शहापूरच्या दुकानात दिपिकाने सरांनी लिहून दिलेला कागद काढला: सोळा जीबी रॅम, एसएसडी. दुकानातल्या अपेक्षाबाई तसा कॉम्प्युटर दाखवत होत्या, तेवढ्यात मी विचारलं, "कॅश किती?" सहा एमबी म्हणाल्या. मी हसलो, भावजी. चार गिऱ्हाईकांना ऐकू जाईल असा हसलो. कोपऱ्यात कुठल्याशा ऑफिसातून आलेलं जुनं धूड होतं, त्याची कॅश वीस एमबी. दिपिका हळूच म्हणाली, "मामा, याला रॅम चारच हाय. आमचं सॉफ्टवेअर नाय चालायचं." मी सगळ्यांदेखत म्हणालो, "गप गो, तुला काय कळतंय?" तिने कागद घडी करून पिशवीत टाकला आणि मी ते धूड घेतलं.

घरी ते धूड चालू व्हायला इतका वेळ घेई की गोदू (तुमची वहिनी) बटण दाबून भात लावायला जायची. नकाशा उघडला की मशीन बंद. परवा कळलं, पोरगी आठवडाभर आटगावला मैत्रिणीच्या घरी जाऊन वर्षभराचे नकाशे काढत होती आणि मला सांगत होती, लायब्ररीत होते. माझी लाज राखायला खोटं बोलली हो. मग व्हिडिओची उरलेली तीन मिनिटं बघितली. त्यात तो म्हणतो, नुसत्या कॅशवर जाऊ नका.

काल एकटाच दुकानात गेलो. अपेक्षाबाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "काका, कॅश म्हणजे मिसळणाचा डबा, रॅम म्हणजे ओटा. डबा मोठा आणि ओटा वीतभर, मग भाजी चिरायची कुठं?" त्यांनी रॅम वाढवली, एसएसडी बसवली. आता नकाशा उघडतो. दिपिकाची माफी मागितली, तर म्हणाली, "र्‍हाऊ दे मामा, चहा घ्या." ओरडली असती तर बरं झालं असतं.

ताईला नमस्कार.

तुमचा शरमिंदा मेव्हणा,
चांगो

ता. क. मुरबाडच्या शाळेत कॉम्प्युटर निवडायला तुम्ही माझं नाव दिलंत. ते काढून दिपिकाचं घाला.

आणखी एक. खरं तर पत्र यासाठीच, म्हणून आजच तिकडे निघालेल्या सुदामच्या हाती धाडतोय. त्या दिवशी दुकानातूनच मी हेडमास्तर लडकूसरांना फोन करून तसलीच पंधरा मशीन घ्या म्हणून सांगितलं. शनिवारी टेम्पो येतोय. काल कळवलं की सर, मला यातलं काही कळत नाही. तर म्हणाले, "जाणकार माणूस असंच बोलतो." भावजी, कंबर दुखत असली तरी उद्या शाळेत जा, आणि मी खरंच अडाणी आहे हे त्यांना नीट पटवून द्या.