चूल नसलेलं घर

रविवार, २ फेब्रुवारी

चूल काढली! आमच्या बोर्डाने इथिओपियातल्या बाळंतघरांच्या नकाशातून चूल काढूनच टाकली, आणि मला हे आज कळतंय. खेड्यापासून दवाखाना लांब, म्हणून दिवस भरत आलेल्या बायकांनी आधीच येऊन राहायचं, त्यासाठी ही घरं. म्हणे डबे बाहेरून येतील, धूर नको. दोह्यात एसीत बसून दुसऱ्यांच्या धुराची काळजी.

आमच्या संस्थेचं तिथलं काम बघणारी जिक्रा फोनवर म्हणाली, "पहिलं घर चुलीशिवायच बांधून झालंय, पण बायका बघून परत जातात. आल्यागेल्याला कॉफी भाजून देता येत नाही, ते घर कसलं?"

सोमवार, ३

लेकीच्या, तेजश्रीच्या जन्माच्या वेळी आई नाशिकहून दोह्याला आली होती. इथल्या इस्पितळात सगळं मिळत होतं. तरी फ्लॅटमध्ये पाऊल टाकताच तिचा पहिला प्रश्न — गॅस कुठाय? आहळिवाची खीर शिजली तेव्हा कुठे ती टेकली.

आफ्रिकेत लिलाँग्वे, लुसाका, कंपाला — सगळीकडे मंत्र्यांशी भांडले ते एवढ्याचसाठी, की ज्यांच्यासाठी करताय त्यांना आधी विचारा. आणि आता आमच्याच टेबलावर गप्प बसू? जमणार नाही.

मंगळवार, ४

रिफत साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "आसावरी जी, कल बोर्ड के सामने किचन का मसला मत छेड़िए. आपके कॉन्ट्रॅक्ट का फ़ैसला भी कल ही है." बॉस असून काळजीने बोलत होते. त्याचाच जास्त राग आला.

नवऱ्याची, यशोधनची कंपनी गेल्या वर्षी गाशा गुंडाळून गेली. आता सगळं घर माझ्या व्हिसावर. एप्रिलपासून तेजश्रीची दहावी. भीती वाटते, वाटणारच. यशोधन म्हणाला, "बोल तू. तिथे गप्प बसलीस तर घरी आम्हाला ऐकावं लागेल."

बुधवार, ५

बोलले. सगळं.

रविवार, ९

कॉन्ट्रॅक्ट वाढवणार नाहीत. चूलही नाही. खलास.

तेजश्री रडली. "वी आर लीव्हिंग फॉर अ चूल्हा?" म्हटलं, हो. तिच्यासाठी जीव तुटतो. पण माफी मागायला जाणार नाही म्हणजे नाही.

सोमवार, २४

पहिल्या घराच्या उद्घाटनाहून रिफत साहेबांचा फोन. मंत्री आले, बोर्ड आलं — घर रिकामं! बायका कुंपणाबाहेर तीन दगड मांडून कॉफी भाजत बसलेल्या. पाहुण्यांना त्यांनी तिथेच बसवलं.

"आसावरी जी, वो चूल्हे वाला नक्शा भेज दीजिए. अब सब घरों में बनेगा."

"और मेरा कॉन्ट्रॅक्ट?"

"वो बोर्ड नहीं बदलेगा," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

नकाशा पाठवला. मग पलंगाखालच्या बॅगा काढल्या.