कोऱ्या न केलेल्या वह्या

इंदूर,
रविवार, ८ डिसेंबर २०२४

चि. शलाकास,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. थंडी पडलीय, पण स्वेटर घालते, काळजी नसावी. बेबीमावशीचे गुडघे दुखतात आणि तोंड मात्र पूर्वीसारखंच चालतं. श्रियाचा खोकला गेला का?

तुझं महू काही लांब नाही, बसनं तासाभरात पोचले असते. पण फोनवर तू मला दोन वाक्यांत आटोपतेस आणि समोर आले तर तिसऱ्या वाक्याला मीच भांडेन. म्हणून टपालानं पाठवतेय. शेवटपर्यंत वाच. दिवाळीत तू जे बोललीस त्याबद्दल इथे काही लिहिणार नव्हते.

बातमी अशी, की शाळेनं मला काढलंय. निवृत्तीला चार महिने असताना! रडत नाहीये, उलट आज दोन वाट्या पोहे खाल्ले.

झालं असं. दुसरीच्या मुलांच्या कर्सिव्हच्या वह्यांचं प्रदर्शन होतं. प्रिन्सिपल म्हणाल्या, "भानुमती मॅडम, सबकी कॉपियाँ फेअर करवा दीजिए." फेअर म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. शाळा सुटल्यावर आम्ही बाया खोडरबर घेऊन बसतो, मुलांनी लिहिलेलं पुसतो आणि चार रेघांत स्वतः लिहितो. दर पानावर एखादं अक्षर मुद्दाम वाकडं काढायचं, म्हणजे पोरानं लिहिल्यासारखं वाटतं. त्या वाकड्या अक्षरात माझा हात कोणी धरणार नाही. तीस वर्षं नवीन शिक्षिकांना ते मीच शिकवलं.

या वेळी मी वह्या तशाच मांडल्या. खोडून भोकं पडलेली पानं, तिसऱ्या रेघेवरून घसरलेले शब्द, सगळं. बेबीमावशी म्हणाली, "अगं, काय घेऊन बसलीस! सगळेच करतात न. चार महिने राहिलेत, चुपचाप काढ की."

पलक नावाची एक मुलगी आहे. तिचा एफ दर वेळी पोट पुढे काढून आडवा पडतो. शुक्रवारी ती आईला ओढत घेऊन आली आणि पानावर बोट ठेवून म्हणाली, "ये वाला मैंने लिखा." आई बघत राहिली आणि तिनं मोबाईलवर फोटो काढला. शलाका, एवढ्या वर्षांत माझ्या कुठल्याही सुंदर पानाचा असा फोटो कोणी काढला नव्हता.

मग बाकीचे पालक माझ्यावर तुटून पडले. शेजारच्या वर्गाच्या वह्या छापल्यासारख्या, आमच्याच मुलांच्या अशा का? मी सांगितलं, "कारण त्या टीचर्सनी लिहिल्यात." हॉलमध्ये जो गोंधळ झाला!

काल कमिटीपुढे उभं केलं. अकरा माणसं. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, आपने स्कूल की बदनामी की है. माफी लिख दीजिए, बात खतम." मी म्हटलं, नाही लिहिणार. त्यांनी विचारलं, वह्या टीचर्स लिहितात याचा पुरावा काय?

पुरावा मीच होते. आता लिहूनच टाकते.

मी त्यांना तुझी गोष्ट सांगितली. तू दुसरीत होतीस, माझ्याच शाळेत. हस्ताक्षराच्या स्पर्धेसाठी तू पान लिहिलंस आणि खेळायला गेलीस. मी ते पुसलं आणि माझं लिहिलं. मास्तरणीची मुलगी, दुसरा नंबर कसा येऊन चालेल? कप तुला मिळाला. स्टेजवर तू माईकमध्ये म्हणालीस, "हे मी नाही लिहिलं, आईनं लिहिलंय." आणि मी हसत हसत पुढे येऊन म्हटलं, "लाजतेय जरा." घरी आल्यावर तुला भिंतीशी उभं केलं. "मी खोटं बोलले," असं म्हणेपर्यंत जेवायला दिलं नाही. तू म्हणालीस. सात वर्षांची होतीस. त्यानंतर तू मला एकही वही दाखवली नाहीस, आणि मी मात्र सगळ्यांना सांगत राहिले की मुलगी फार अबोल आहे.

दिवाळीत मी श्रियाची अक्षरं गिरवून घ्यायला बसले तेव्हा तू म्हणालीस, "माझ्या मुलीच्या वहीला हात लावू नकोस, आई." मी तिथून तणतणत निघून आले. बसमध्ये महूपासून इंदूरपर्यंत तुझा राग केला. या सोमवारी प्रदर्शनासाठी वर्गात खोडरबर हातात घेतलं आणि ते पलकच्या पानाला टेकवता येईना.

सेक्रेटरींनी पुन्हा कागद पुढे सरकवला. मी म्हटलं, "माफी मागायची आहे, पण तुमची नाही." मग म्हणाले, सोमवारपासून येऊ नका. मी म्हटलं, तसं लिहून द्या. अजून दिलेलं नाही. म्हणून उद्या सकाळी सव्वासातला मी वर्गात असणार. काढायचं असेल तर मुलांच्या समोर काढा म्हणावं.

तू माफ करशील का, ते विचारत नाही. त्यासाठी हे पत्र नाही. तू त्या दिवशी खरं बोलली होतीस, हे अकरा माणसांना सांगितलं, आता तुला सांगते, आणि श्रिया मोठी झाली की तू तिलाही सांग. ते भिंतीशी उभं करून तुझ्याकडून वदवून घेतलेलं वाक्य मला परत दे. ते तुझं नव्हतंच.

मी खोटं बोलले.

तुझी आई