शेपटीचा लाल रंग

सर, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि जे तुम्हाला तोंडावर सांगायला हवं होतं ते मी आज कागदावर लिहितेय.

तुम्ही पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपात शिकवायचात आणि सुट्टीच्या दिवशी आम्हा चार-पाच जणांना विमानांची मॉडेलं करायला. ते मोठं विमान मात्र तुमचं स्वतःचं होतं. दोन वर्षं उस्मानपुऱ्याहून सायकलवर येऊन तुम्ही ते घडवलंत. विमानाचं नाक वर-खाली करणारी शेपटीची हलती पट्टी रंगवायला माझ्याकडे दिलीत, माझा हात हलका म्हणून, आणि बजावलंत, "पट्टी सुटीच रंगव. पातळ हात दे, वाळू दे, मगच बिजागऱ्या बसव. फटीत रंग गेला का पट्टी अडली समज. नुसती फुंकर मारली तरी हलाया पाहिजे."

मी पैठणला मावसबहिणीच्या साखरपुड्याला गेले आणि दोन दिवस जास्तच रमले. परतले तर प्राचार्यांसमोर विमान उडवून दाखवायचं प्रात्यक्षिक दुसऱ्याच दिवशी. मग मी बिजागऱ्या आधी बसवल्या आणि वरून लाल रंगाचा एकच जाड हात फिरवला. दिसायला झकास दिसत होती. सकाळी बोटानं हलवून पाहिली तर कुरकुरली, मध्येच अडली. पुन्हा पुन्हा हलवून थोडी मोकळी केली आणि गप्प बसले. मैदानावर तुम्ही विमानाला हातातल्या मुठीच्या दोन तारा जोडताय, ज्यांनी ती पट्टी हलते, मान वर न करता विचारताय, "बिजागऱ्या मोकळ्या हायेत ना गं?" मी म्हणते, "हो सर." तेवढ्यावर तुम्ही विश्वास ठेवता.

विमान तुमच्याभोवती दोन फेऱ्या मारतं, चढतं, मग नाक खाली घालतं. तुम्ही तारांची मूठ ओढता, पट्टी हलत नाही. प्राचार्यांच्या खुर्चीपासून दहा पावलांवर ते मातीत घुसलं. कुणाला लागलं नाही. पण प्राचार्य सगळ्यांदेखत म्हणाले, "एखाद्याचा जीव गेला असता. बंद करा हे." तुम्ही म्हणालात, "चूक माझी हाय, साहेब. तपासणं माझं काम होतं." तुम्ही वाकून तुकडे गोळा करत होतात तेव्हा शेपटी माझ्या ओढणीखाली होती. रंगानं बुजलेली ती फट तुम्हाला दिसू दिली नाही मी. घरी नेऊन चुलीत घातली. आमचा वर्ग बंद झाला, आणि तुम्ही पुन्हा एकही विमान केलं नाहीत.

तुम्ही गेल्यावर मी तुमच्या घरी काकूंना भेटायला आले. त्या म्हणाल्या, "शेवटपर्यंत बोलायचे, त्या दिवशी एकदा बोट लावून बघायला पाहिजे होतं म्हणून." माझ्या हातात चहा होता. मी फक्त मान हलवली.

हे काकूंना वाचून दाखवायचं म्हणून लिहायला घेतलं होतं. दाखवणार नाही. दर दिवाळीला मी त्यांच्याकडे जाते, आणि आल्यागेल्याला त्या माझी ओळख 'ह्यांची सगळ्यात गुणी विद्यार्थिनी' अशी करून देतात. मी खाली बघते. त्यांना तो विनय वाटतो. सर, मला ते ऐकायला आवडतं.