गॅरेजमधला सडा

अण्णा,

गॅरेजची फरशी थंड पडली आहे. ती फोडायची की नाही हे मला आज दुपारी दोनपर्यंत फिटरला सांगायचं आहे, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तेव्हा तुम्हाला लिहून काही हलणार नाही हे कळतं. पण फरशी उबदार ठेवायला तुम्ही काँक्रीटखाली टाकलेली गरम पाण्याची नळी कुठून कुठे गेली आहे हे फक्त तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही ते कागदावर ठेवलं नाहीत. तीन आठवडे बॉयलरचा दाबाचा काटा रोज सकाळी शून्यावर असतो. मी पाणी भरते, दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य.

तुमच्या जावयांना चार वर्षांपासून कंपवात आहे. घरात त्यांच्या हातून चहाचा कप सांडतो. गॅरेजमध्ये मात्र, पायाखाली ती ऊब असली की, सकाळचे दोन तास हात ऐकायचे. बुद्धविहारासाठी ते वाचनाचं लाकडी स्टँड करत होते. पाय झाले, वरची फळी राहिली. मी विजेचा हीटर लावून पाहिला. तोंड भाजतं, पाय गारच राहतात, आणि लोखंडी पटाशी हातात धरवत नाही. आता ते कोट घालून हॉलमध्ये बसतात, हात खिशात. काल म्हणाले, "फळी कुणाला तरी देऊन टाक."

फिटर एजवेअरचा, आपल्यातलाच, पण जन्म इथला, विलायतेतला, पन्नाशी गाठलेला. परवा गुडघ्यावर बसून फरशीवर टकटक करत तो म्हणाला, "ताई, पाइप कुठून जातो माहीत नसेल तर सगळा फरशी फोडावा लागणार. नाहीतर बंदच करा. इतका जुना काम आहे."

"सगळी फरशी," मी म्हणाले. "फोडावी. जुनं काम."

"सॉरी, मिस," तो म्हणाला, आणि हे हसले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. मग म्हणाले, पंचवीस वर्षं चाललं, अण्णांना कशाला नावं ठेवायची. फिटरने वहीत लिहून घेतलं, जुनी नळी झिजली. मी चहा टाकायला आत गेले.

नळी झिजली नव्हती. ऑक्टोबरमध्ये हे वर्कबेंचपाशी अडखळले, म्हणून मी धरायला फरशीत दांडी बसवायचं ठरवलं. ते तपासणीला हॉस्पिटलच्या गाडीने गेले होते. परत यायच्या आत उरकून टाकू म्हणून मीच ड्रिल घेतलं. चौथ्या भोकातून ओली भुकटी वर आली. मी फिजिक्स शिकवलेली बाई, ओल्या भुकटीचा अर्थ मला कळत नव्हता असं नाही. पण मी बोल्ट आवळला आणि पाणी थांबलं. बोल्टच बूच झाला होता. तो गंजेपर्यंत थंडीचे दोन महिने गेले, एवढंच. ते घरी आले, दांडी हलवून पाहिली आणि म्हणाले, पक्की बसवलीस.

आज पहाटेपासून तुमचा एक दिवस आठवतो आहे. काँक्रीट वाळून महिना झालेला. तुम्ही हॉस्पिटलच्या बॉयलर हाउसमधून ड्यूटी करून येता, बूट काढता, बागेची झारी भरता आणि गॅरेजभर पाणी शिंपडता. मी शाळेतून आलेली, हातात तपासायच्या वह्या. मी दारातूनच ओरडते, "अण्णा, इथे कसला सडा घालता? हे गाव नाही. हत्यारं गंजतील." तुम्ही अनवाणी उभे. म्हणता, "दहा मिनिटं थांब. फरशी काय सांगते ते बघ." मी थांबले नाही. तुम्ही एकट्याने फरशी पुसून काढलीत आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाहीत. मला वाटलं, म्हातारपण.

आज सकाळी हे आंघोळीला गेल्यावर मी काटा वर येईपर्यंत पाणी भरलं, बॉयलर पूर्ण सोडला, आणि फरशी कोमट लागायला लागल्यावर तुमच्याच झारीने सडा घातला. बूट काढले. उभी राहिले. दहा नाही, वीस मिनिटं लागली. आधी दाराजवळ एक कोरडी रेघ उमटली, हातभर रुंद नसेल, मग तिच्या शेजारी दुसरी, मग वळण. ओल्या फरशीवर तुमची सगळी नळी वर आली, गेलेली आणि परत आलेली. एकाच ठिकाणी ओल हटेना: चौथ्या बोल्टभोवती. तिथलं पाणी कोमट होतं. मी आलेखाच्या कागदावर मापं घेऊन सगळं उतरवलं.

आता साडेतीन वाजले आहेत. फिटर येऊन गेला. त्याने नकाशा बराच वेळ पाहिला. मी त्याला वहीतली ओळ खोडायला लावली. तो म्हणतो, एकच खड्डा घेऊन नळी जोडून बघू. पण तीन आठवडे पाणी खाली मुरलंय, फरशी आतून पोकळ झाली असेल तर जोडून उपयोग नाही. सोमवारी कळेल. "अंकलना मी सांगू?" त्याने विचारलं. मी नको म्हटलं.

हे पत्र तुमच्या झारीखाली ठेवते आहे. तुम्ही ड्यूटी सोडताना पुढच्या पाळीला काय काय सोपवलं ते लिहायचात, तसं लिहिते.

फिटरला दिलं: गॅरेजची किल्ली, एक. नळीचा नकाशा, एक, लाल खुणेसह. चौथा बोल्ट, गंजलेला. आणि तोंडी, भोक कोणी पाडलं ते.

ह्यांना दिलं: दोन वाजताची गोळी. बाकी अजून काही नाही.