वर्षा टेकडी चढली

माझ्या मायले, याडीले, सुनीलचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

बाचा गुडघा कसा आहे? त्याले कापूस वेचाले जाऊ देऊ नको.

इकडं केळापूरच्या शिबिरात आपली वर्षा मजेत आहे, पोटभर जेवते. तिच्यासारखीच हळू उमजणारी, विशेष शाळा संपलेली बारा पोरंपोरी आहेत. शाळा सुटल्यापासून ती नुसती दारात बसून राहे. इथं रोज जंगलात फिरते.

काल टेकडी चढाची होती. अर्ध्या वाटेत ती खालीच बसली. मी म्हटलं, "पाठीवर घेऊ का?" लहानपणी तांड्यावरून शाळेत तिले तसंच नेत होतो. माझ्या कानाशी तिचं गाणं चालू राहे. ते दिवस लय आठवले.

"नको दादा, मी मोठी झाली," ती म्हणाली, अन् दगड धरत धरत वर गेली. वरून तिनं मलेच हात दिला. आनंद झाला याडी, पण पाठ रिकामी वाटली.

खाली आल्यावर शिबिराच्या विमलताईनं तिले विचारलं, "अजून महिनाभर राहतं का?" माझ्याकडं न पाहताच ती हो म्हणाली.

म्हणून शनिवारी आर्णीच्या स्टँडवर मी एकटाच उतरीन. मले एकटा पाहून घाबरू नको.

तुझा,
सुनील