पात्यावरची गोल खूण

बाबा,

हातात पाना धरणाऱ्या तुम्हा सगळ्यांची एक तक्रार मला लहानपणापासून पाठ आहे: यंत्र बिघडलं की साहेब आधी विचारतो, शेवटचा हात कोणाचा होता? कोराडीच्या वीजकेंद्रात टर्बाइनवर फिटर म्हणून तुमचं आयुष्य गेलं आणि घरी येऊन तुम्ही हेच बोलत राहिलात. पुढे ती तक्रार मी कितीतरी सभांमध्ये मांडली, टाळ्या घेतल्या. म्हणून आज तुम्हालाच विचारते. तुमच्या रिमोटच्या हेलिकॉप्टरचं मोडकं पातं काल, तुम्ही गेल्यापासून बंद असलेल्या ट्रंकेतून काढलं. सगळं पातं मळकट, पण टोकाजवळ रुपयाएवढी गोल जागा खरवडून स्वच्छ केलेली. तिथे काय चिकटवलं होतं ते मला माहीत आहे, कारण चिकटवलं मीच होतं. खरवडलं कोणी?

दीड हात लांबीचं ते हेलिकॉप्टर हवेत स्थिर राहत नसे, झिंगल्यासारखं डुलायचं. तुम्ही आणि काका, टर्बाइनवरचे तुमचे जोडीदार, वर्षभर त्या डुलण्याच्या मागे लागला होतात. स्वयंपाकघरात दोन पेले उलटे ठेवायचे, त्यांवर सुई आडवी टाकून पात्यांची जोडी तोलायची, जे हलकं ठरेल त्याच्या टोकाला चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. आईला चहा करायलाही ओटा मोकळा मिळत नसे. "पंखा बंद करा, वारा लागते," तुम्ही म्हणायचात, आणि मे महिन्यात आम्ही घामाने निथळत बसायचो. मग एका टोकाला तांबडी, दुसऱ्याला तेवढीच पिवळी पट्टी लावून मैदानात जायचं. काका पालथे पडून बघायचे, फिरताना दोन्ही रंग एका रेषेत दिसतात का; नसले तर पातं वर-खाली करणारी दांडी पिळायची. "तांबडी वर हाय गा! अर्धा फेरा खाली घे." काकांना तोल आपोआप सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक डबी बसवायची होती. तुम्ही म्हणालात, डबी हादरा लपवते, काढत नाही. त्यावरून तुमचं वाजलं होतं, आणि मी ते लक्षात ठेवलं होतं.

चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, कॉलनीच्या मैदानात त्या हेलिकॉप्टरमधून पुतळ्यावर मूठभर पाकळ्या टाकायच्या होत्या. सकाळच्या चाचणीत ते टांगून ठेवल्यासारखं स्थिर उभं राहिलं. काकांनी पात्याची दांडी शेवटचा अर्धा फेरा फिरवली आणि तुम्ही टर्बाइनवरचाच नियम लावलात: तोल साधला, आता कोणी हात लावायचा नाही. तुम्ही जेवायला गेलात. मी पुस्तकांच्या स्टॉलवरून निळं गोल स्टिकर आणलं आणि एका पात्याच्या टोकाला लावलं. एकच उरलं होतं. इतकी पुस्तकं वाचलेली मी, पण दुसऱ्या पात्यालाही तेवढंच वजन लागेल हे मला सुचलं नाही. दुपारी पाती फिरू लागली तसा सांगाडा थरथरला. तुम्ही थबकून कानोसा घेता. माइक माझ्या हातात आहे. "उडवा बाबा, लोक वाट बघत आहेत!" आणि तुम्ही उडवता. ते माणसाच्या उंचीएवढं वर जातं, कलंडतं, पाकळ्यांसकट मातीत आपटतं.

मी माइक सोडला नाही. म्हणाले, "हे पडलं नाही, पाडलं गेलं. शेवटचा हात कोणाचा होता ते सगळ्यांनी पाहिलं आहे."

काका उठले. "पोरी, अर्धा फेरा म्या फिरवला, तुझ्या बापासमोर. इचार त्याले." तुम्ही खाली वाकून तुकडे गोळा करत होता. मान वर केली नाही. काकांनी हत्यारांची पिशवी उचलली आणि पुन्हा कधी आपल्या घरी आले नाहीत.

घरात पाऊल टाकताच तुम्ही मला झापलंत. "काहून वं, माइक हातात आला का जज होते काय तू? पुरावा पाह्यला होता?" त्या बोलण्याची मला इतकी लाज वाटली की वर्षानुवर्षं मी तुम्हालाच न्यायी समजत आले. पण त्यानंतर तुम्ही मोरीपाशी पाठमोरे उभे राहून काहीतरी घासत होता, तेही आठवतं. "काय धुऊन राहिले?" मी विचारलं. "माती." बाबा, माती धुवायला दाढीचं ब्लेड लागतं? तुम्हाला ते निळं दिसलं होतं. दुसऱ्या दिवशी काकांच्या क्वार्टरपर्यंत दहा पावलं चालून एक वाक्य बोलला असता तर पुरलं असतं. कोणाला वाचवत होता? नुकतं नाव होऊ लागलेल्या मुलीला? की हादरा कळूनही उडवलंत, ते झाकत होता? की ट्रंकेत उंदरांनी काहीतरी कुरतडलं आहे आणि अर्धा दोष तुमच्या गळ्यात टाकायला मीच हे सगळं रचते आहे? माझा स्वतःवरही विश्वास उरलेला नाही.

काका उमरेडला मुलाकडे राहतात. ऐकू कमी येतं म्हणे, पण माणसं ओळखतात. खरं तर आज मी त्यांनाच लिहायला बसले होते. "काका" एवढं लिहून थांबले आणि कागद बदलला, कारण तुम्ही उलट उत्तर देणार नाही. भर सभेत त्यांची माफी मागायला सांगा, आत्ता उठून मागेन. त्यांच्या दारात एकटीने उभं राहून मागायची मला भीती वाटते.